घर सोडलं तरी इंटरनेटचं बिल येतंय? कनेक्शन कागदोपत्री बंद करण्याची पूर्ण पद्धत

पुण्यात भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो आणि 'इन्स्टॉलेशन मोफत' म्हणून घेतलेल्या ब्रॉडबँडचा लॉक-इन (ज्या मुदतीआधी कनेक्शन सोडलं तर कंपनी दंड मागते) अनेकदा बारा महिन्यांचा. घर घेण्याच्या गडबडीत हा एका महिन्याचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. करार संपतो, सामान टेम्पोत चढतं, नव्या सोसायटीत दुसरीच कंपनी असते आणि जुन्या पत्त्यावरचं बिल दर महिन्याला ईमेलवर येत राहतं. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, तेव्हा तर भिंतीसकट केबल जाते. कंपनीच्या नोंदीत मात्र ते खातं 'ॲक्टिव्ह'च असतं.

वापर थांबला म्हणजे कनेक्शन बंद झालं, असं आपण धरून चालतो. कंपनी तसं धरत नाही. पोस्टपेड खात्यात महिन्याचं भाडं तयार होतं ते खात्याच्या स्थितीवरून. किती जीबी वापरले याच्याशी त्याचा संबंध नसतो. ओएनटीचा (भिंतीजवळच्या फायबरच्या डब्याचा) प्लग काढून ठेवला, केबलवाल्याला फोनवर 'आम्ही चाललो' असं सांगितलं किंवा बिल भरणं सोडून दिलं, यातल्या कशानेही ती स्थिती 'कायमस्वरूपी बंद' होत नाही. बिल भरलं नाही की खातं आधी 'तात्पुरतं स्थगित' होतं. त्या काळात विलंब शुल्क लागू शकतं, काही योजनांत भाडंही चढत राहतं, आणि शेवटी ती सगळी रक्कम थकबाकी म्हणून वसुली एजन्सीकडे जाते. म्हणून पुढची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: तुम्ही अमुक तारखेला कनेक्शन बंद करायला सांगितलं आणि अमुक तारखेला कंपनीचं यंत्र परत दिलं, हे दोन कागद हातात हवेत.

आधी खातं नीट ओळखा

शेवटचं बिल किंवा कंपनीचं ॲप उघडा आणि पाच गोष्टी वहीत लिहून घ्या. खातं कुणाच्या नावावर आहे (घरमालकाच्या की तुमच्या), ग्राहक क्रमांक, बिलाचं चक्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, डिपॉझिट किती भरलं होतं, आणि लॉक-इन कधी संपतो. लॉक-इनची तारीख बिलावर क्वचितच असते. ती कनेक्शन घेताना आलेल्या स्वागताच्या ईमेलमध्ये किंवा ग्राहक अर्जाच्या अटींत सापडते. अर्जाची प्रत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. आपली सही किंवा ओटीपी असलेला अर्ज मागणं हा साधा हक्क आहे, आणि लॉक-इनचे पैसे मागणाऱ्यालाच ती अट दाखवावी लागते.

पुण्यात बरीच कनेक्शनं स्थानिक केबलवाल्यामार्फत दिलेली असतात. गल्लीतल्या माणसाचं नाव आपल्याला पाठ असतं, पण करार बिलाच्या तळाशी लिहिलेल्या कंपनीशी झालेला असतो. सगळा पत्रव्यवहार त्या कंपनीशी करा आणि केबलवाल्याला फक्त प्रत द्या. बिलच कधी मिळालं नसेल, पैसे नुसतेच यूपीआयने जात असतील, तर आधी बिल मागा. त्याशिवाय समोरचा पक्ष कोण हेच ठरत नाही.

प्रीपेड कनेक्शन असेल (तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आधीच भरलेले), तर मुदत संपली की ते आपोआप थांबतं. तिथे नवीन बिलाचा प्रश्न नसतो. प्रश्न उरलेल्या महिन्यांच्या परताव्याचा आणि ऑटोपेचा असतो. ऑटोपे चालू राहिला तर प्रीपेडचंही नूतनीकरण होऊन पैसे कापले जातात.

बंद करण्याआधी 'शिफ्ट' मागा

नवीन जागी तीच कंपनी नको असेल तरीही ही पायरी गाळू नका. कस्टमर केअरला किंवा ॲपमधून नवीन पत्ता पिनकोडसह द्या आणि कनेक्शन तिकडे हलवण्याची विनंती नोंदवा. कंपनीचं जाळं तिकडे नसेल, किंवा सोसायटीने एकाच पुरवठादाराला आत येऊ दिलं असेल, तर उत्तर येतं: 'एरिया फीजिबल नाही'. हे उत्तर एसएमएस, ईमेल किंवा ॲपमधल्या विनंतीच्या स्थितीत हवं. फोनवर सांगितलं तर 'हेच मला ईमेलवर पाठवा' म्हणा. ते पाठवत नसतील तर तुम्हीच ईमेल करा: 'आज अमुक वाजता, अमुक तक्रार क्रमांकावर, माझ्या नवीन पत्त्यावर सेवा देता येत नाही असं मला सांगण्यात आलं.'

याचं कारण लॉक-इनमध्ये आहे. तुम्ही मन बदललं म्हणून सोडलं, तर कंपनीकडे निदान करारातली अट असते. तुम्ही सेवा घ्यायला तयार होतात आणि कंपनीच ती देऊ शकली नाही असं कागदावर आलं की तिच्या दंडाचा पाया ढिला होतो. यातून दंड आपोआप माफ होत नाही, पण पुढे तक्रारीत हाच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पुनर्विकासात वेगळे पुरावे लागतात. जागा रिकामी करण्याचं सोसायटीचं किंवा बिल्डरचं पत्र, ताबा दिल्याची तारीख आणि महावितरणचा मीटर कायमचा बंद झाल्याची नोंद एकत्र ठेवा. वीजच नसलेल्या घरात ओएनटी चालत नाही, त्यामुळे त्या तारखेनंतर तिथे सेवा घेणं शक्य नव्हतं हे वेगळं सिद्ध करायची गरज उरत नाही. भाडेकरूंनी भाडेकराराची प्रत आणि घरमालकाने किल्ल्या परत मिळाल्याचा केलेला साधा व्हॉट्सॲप मेसेज ठेवला तरी काम भागतं.

बंद करण्याचा अर्ज

अर्ज घर सोडण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी द्या. बिलाचं नवं चक्र सुरू होण्याआधी दिला तर उत्तम. तीन ठिकाणी द्यायचा: ॲपमधली विनंती किंवा कस्टमर केअर (इथून क्रमांक मिळतो), कंपनीच्या तक्रार विभागाचा ईमेल, आणि खातं पोस्टपेड असेल तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. ईमेलच्या विषयात 'डिसकनेक्शन रिक्वेस्ट' आणि ग्राहक क्रमांक लिहा. मजकूर असा चालेल:

'ग्राहक क्रमांक ____, नाव ____, पत्ता ____. वरील ब्रॉडबँड कनेक्शन दि. ____ पासून कायमस्वरूपी बंद करावं. ही तात्पुरत्या स्थगितीची किंवा प्लॅन बदलण्याची विनंती नाही. दि. ____ नंतर या पत्त्यावर सेवा वापरली जाणार नाही, कारण ____. कनेक्शन शिफ्ट करण्याची विनंती क्रमांक ____ आपण 'फीजिबल नाही' म्हणून नाकारली आहे. ओएनटी (सिरियल क्रमांक ____) आणि ॲडॉप्टर दि. ____ पर्यंत सकाळी __ ते संध्याकाळी __ या वेळेत घेऊन जावेत व लेखी पावती द्यावी. वरील तारखेपर्यंतचं अंतिम बिल, दिवसांच्या हिशेबाने, पाठवावं आणि डिपॉझिट रु. ____ त्यातून वळतं करून उरलेली रक्कम खालील बँक खात्यात जमा करावी.'

'कायमस्वरूपी' हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक ॲपमध्ये 'काही दिवस थांबवा' हाही पर्याय असतो, आणि घाईत तोच दाबला तर मुदत संपताच खातं परत चालू होतं. अर्जानंतर सहसा 'रिटेन्शन'वाल्यांचा फोन येतो: दोन महिने मोफत घ्या, स्वस्त प्लॅन घ्या. त्या बोलण्यात एखाद्या वाक्याला 'बरं' म्हटलं किंवा ओटीपी सांगितला, की बंद करण्याची विनंती रद्द होऊन नवा लॉक-इन सुरू होऊ शकतो. ओटीपी देऊ नका. 'माझा अर्ज कायम आहे' एवढंच सांगा आणि त्याच दिवशी तेच ईमेलवर लिहा. बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणं याला केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-संकेतस्थळांच्या रचनेविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे. त्या यादीतल्या १३ प्रकारांपैकी तो एक आहे. ॲपमध्ये बंद करण्याचं बटणच सापडत नसेल तर त्या पानांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि तक्रारीत हा शब्द वापरा.

ॲपमध्ये महिन्यावार डेटा वापर दिसत असेल तर तोही आत्ताच उतरवून घ्या. खातं बंद झालं की लॉगिनही जातं, आणि नंतर 'एकही जीबी वापरला नाही' हे दाखवायला काही उरत नाही.

ओएनटी परत देणं: सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडतात

फायबरच्या कनेक्शनमध्ये भिंतीजवळचा जो डबा असतो, ज्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दिवे असतात, तो ओएनटी. तो बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो. राउटर वेगळा असेल तर तो तुम्ही विकत घेतलेला आहे की कंपनीचा, हे पहिल्या बिलावर बघा. डबा परत आल्याची नोंद झाल्याशिवाय काही कंपन्यांत बंद करण्याची प्रक्रिया पूर्णच होत नाही, आणि मग भाडं तरी चालू राहतं किंवा अंतिम बिलात यंत्राची किंमत चढते.

डबा काढण्याआधी त्याच्या तळाचा फोटो घ्या. सिरियल क्रमांक आणि मॅक क्रमांक स्पष्ट वाचता आले पाहिजेत. त्याचाच ॲडॉप्टर शोधून जोडीला बांधा. ॲडॉप्टर हरवला किंवा दुसऱ्या यंत्राचा दिला की परतावा 'अपूर्ण' ठरतो. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर काढताना कापू नका. निळी किंवा हिरवी टोपी दोन बोटांत धरून ओढली की ती निघते. भिंतीवरची छोटी जोडपेटी तशीच राहू द्या.

कंपनीचा माणूस न्यायला आला की पावतीशिवाय डबा देऊ नका. पावतीत सिरियल क्रमांक, ॲडॉप्टर मिळाल्याचा उल्लेख, तारीख, त्याचं नाव आणि सही हवी. पावतीपुस्तक नसेल तर साध्या कागदावर तुम्ही लिहा, त्याच्याकडून सही घ्या, आणि कागदासह डब्याचा फोटो काढून लगेच कंपनीला ईमेल करा. डबा तोंडी नेला जातो, कंपनीच्या नोंदीत तो तुमच्याच नावावर राहतो आणि सहा महिन्यांनी त्याचे पैसे मागितले जातात. हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे.

तसंच, डबा घरमालकाकडे, वॉचमनकडे किंवा नव्या भाडेकरूकडे ठेवून जाऊ नका. नवा भाडेकरू तो प्लग लावून वापरू लागला तर वापराची नोंद तुमच्या खात्यावर होईल आणि 'मी वापरतच नव्हतो' हा मुद्दा संपेल. कुणी न्यायला येत नसेल तर दोन वेळा तारीख-वेळ देऊन ईमेल करा आणि नंतर कंपनीच्या शहरातल्या कार्यालयात स्वतः जमा करा. तोपर्यंत डबा सोबत नव्या घरी घेऊन जा. तो तिथे पडून राहिला तरी चालेल, पण फेकू नका.

ऑटोपे रद्द करा, पण क्रम पाळा

आधी बंद करण्याचा अर्ज, मग मॅन्डेट (पैसे आपोआप कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द. उलट केलं तर कंपनीच्या नजरेत तुम्ही फक्त पैसे चुकवणारा ग्राहक ठरता.

यूपीआय ऑटोपे ज्या ॲपमधून दिला त्याच ॲपच्या मॅन्डेटच्या यादीत रद्द होतो. कार्डावरचा ई-मॅन्डेट बँकेच्या पोर्टलवरून काढता येतो. नॅच मॅन्डेट (खात्यातून थेट वळता होणारा) नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन रद्द करावा लागतो. कार्डच्या आणि यूपीआयच्या आवर्ती व्यवहारांत पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या सूचनेतूनच व्यवहार नाकारता येतो, म्हणून असे मेसेज न वाचता पुसू नका. आणि मॅन्डेट तसाच ठेवून खातं रिकामं करणं हा उपाय नाही. व्यवहार परत गेला की बँक दंड लावते, शिवाय इलेक्ट्रॉनिक भरणा न वठणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हाही ठरू शकतो.

अंतिम बिल तपासताना

समजा महिन्याचं भाडं ७९९ रुपये, बिलाचं चक्र ५ तारखेपासून, आणि तुम्ही १२ तारखेच्या अखेरीस सेवा बंद मागितली. १२ तारीख धरून आठ दिवस होतात. ७९९ गुणिले ८, भागिले ३०, म्हणजे २१३ रुपये ७ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी ३८ रुपये ३५ पैसे. एकूण २५१ रुपये ४२ पैसे. डिपॉझिट १,५०० असेल तर १,२४८ रुपये ५८ पैसे तुम्हाला परत यायला हवेत. बिलात पूर्ण महिना लावला असेल तर हा हिशेब तसाच लिहून पाठवा. 'चुकीचं बिल आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. आकडा लिहिला की समोरच्याला तो खोडावा लागतो.

लॉक-इनच्या रकमेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अट अर्जात होती, तुम्ही स्वखुशीने आधी सोडलं, आणि मोफत इन्स्टॉलेशनचा फायदा घेतला होता, तर काही रक्कम देणं न्याय्य आहे. पण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंड ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. अकरा महिने झाले, एक उरला, डबाही परत दिला, तरी इन्स्टॉलेशनचा संपूर्ण खर्च मागणं वाजवी नाही. उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात हिशेब मागा. वाद नसलेली रक्कम भरून टाका आणि ईमेलमध्ये लिहा: 'ही रक्कम अमुक दिवसांपर्यंतच्या वापरापोटी आहे, उरलेली मागणी मला मान्य नाही.'

आणि जे वाचक उशिरा जागे झाले आहेत, म्हणजे घर सोडून पाच महिने झाले आणि लेखी अर्ज कधीच दिला नाही, त्यांनी आजच अर्ज द्यावा. अर्जाच्या तारखेनंतरच्या बिलांबाबत तुमची बाजू भक्कम आहे. त्याआधीच्या महिन्यांत कंपनीची बाजू वरचढ असते, कारण तुम्ही सांगितलंच नव्हतं. तिथे शून्य वापराची नोंद, भाडेकराराची शेवटची तारीख आणि घराचा ताबा सोडल्याचा कागद पुढे करून तडजोड मागा. ती बऱ्याच वेळा मिळते.

खातेदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि वरचाच अर्ज पुरतो. वारसाने स्वतःच्या नावावर खातं करून घेऊ नये. बंद करण्यासाठी त्याची गरज नसते, आणि तसं केलं की जुनी थकबाकीही नव्या नावावर येते.

कंपनी ऐकत नसेल तर

पहिली पायरी तक्रार केंद्र. तिथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे. क्रमांक नसलेला फोन पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. निकाल पटला नाही किंवा आलाच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करा. याला शुल्क नाही, आणि ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर आणि ट्रायच्या टीसीसीएमएस पोर्टलवर असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका.

सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या स्तरावर पोचवते, आणि छोट्या रकमेच्या बिलांचे प्रश्न खूपदा इथेच मिटतात. दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरूनही तक्रार जाते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी पुण्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं कंपनीचे वकील सांगत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात ते अमान्य केलं. तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हे शब्द वापरा. 'अन्याय्य करार' या मुद्द्यावर मागणी केली तर प्रकरण जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे जातं. पाचशे-हजारांच्या बिलासाठी त्या वाटेला जाऊ नये. लिहायला जमत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा. ती चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच उभी केली.

वसुलीचे फोन आणि लोकअदालतीची नोटीस

वसुलीवाल्याशी फोनवर वाद घालू नका. 'ही रक्कम वादात आहे, तक्रार क्रमांक अमुक, लेखी बोला' एवढं सांगा आणि अर्ज, डब्याची पावती व हिशेब त्याला एकदाच ईमेल करा. त्याने पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका. तडजोड ठरली तर आधी कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून 'पूर्ण आणि अंतिम' असं पत्र घ्या, मग कंपनीच्याच ॲपमधून भरा.

थकबाकी काही काळ राहिली की शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात होणाऱ्या लोकअदालतीची नोटीस येते आणि घरातले लोक घाबरतात. ती बहुतेक वेळा दावापूर्व (दावा दाखल होण्याआधीच्या) प्रकरणाची असते. तुमच्यावर खटला झालेला नसतो, वॉरंट निघत नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय तिथे काहीही ठरत नाही. कागद घेऊन जरूर जा. कंपनीचा प्रतिनिधी समोर असतो आणि त्याला रक्कम कमी करण्याचे अधिकार असतात. सही करण्याआधी तडजोडीचा मसुदा पूर्ण वाचा, कारण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. रक्कम, भरण्याची तारीख आणि 'यानंतर कोणतीही बाकी नाही' हे तिन्ही त्यात हवेत.

शेवटी, बाकी नसल्याचं पत्र मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांनी आपला क्रेडिट अहवाल काढून बघा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दूरसंचाराची थकबाकी तिथे दिसत असेल तर ते पत्र जोडून ऑनलाइन हरकत नोंदवा. बाकी नसल्याचं पत्र, डब्याची पावती आणि अंतिम बिल तीन वर्षं जपून ठेवा, कारण अशा थकबाकीसाठी दावा लावण्याची मुदत तेवढी असते.